दुसऱ्याची बाजू

आमच्या घरात भांडणाचा एक नियम आहे. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं, आणि ते इतकं नीट मांडायचं की समोरच्याने "हो, हेच" म्हणावं. मगच आपलं बोलायचं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी हा नियम घरात आणला. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ वाचता वाचता तो सुचला अशी माझी समजूत आहे, पण नेमका कुठे म्हणाल तर सांगता येणार नाही. कदाचित मीच बनवला असेल. मला भांडता येत नव्हतं, एवढं मात्र नक्की.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. शंका आली की समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करायचं. ठेवायचं की बदलायचं ते लेखकाने ठरवायचं. निवृत्त झालो तरी ती सवय सुटली नाही. "मीठ बरोबर पडलंय का?" असं बायकोने विचारलं तरी मी म्हणतो, "असावं."

आमच्याकडे नात राहते. लहानपणापासून एका जागी टिकत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतात. शिकायला आली आणि इथेच राहिली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ती कामाला आहे. तिला एका मालवाहू जहाजावर, इंजिनाच्या खोलीत नोकरी मिळाली होती आणि शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. तिच्या आईबाबांनी "आजीला पटव, मग आमचं काही नाही" म्हणून अंग काढून घेतलं. आजीचं मन मोडून जायचं नाही, हे भिंगरीनेही ठरवलं होतं.

सकाळच्या चहाला विषय निघाला.

"समुद्रावर? महिनोन्‌महिने?" बायकोने कप खाली ठेवला. "इथे काय वाईट चाललंय?"

"आजी, लिफ्ट वर जाते, खाली येते. माझंही तेच चाललंय."

"बुडत तरी नाही ना!"

यापुढे तिला शब्द सुचेनात. रागावली की तिचं असं होतं. "अहो, तुम्ही सांगा हिला. माझं म्हणणं माझ्यापेक्षा तुम्हालाच नीट सांगता येतं."

मी चष्मा पुसला आणि सांगू लागलो. "आजीचं म्हणणं असं, की चांगुलपणा पुस्तकं वाचून येत नाही, सवयीने येतो. आणि सवय लागते ती रोजच्या माणसांत. खोटं बोललीस तर ओळखणारं कोणी लागतं, आळस केलास तर टोचणारं लागतं. तिथे दर खेपेला माणसं नवी. राहिलं स्वातंत्र्य. मनात आलं की जिला उठून जावंच लागतं, ती मोकळी कुठली? ती आपल्या इच्छेची नोकर. थांबता येणं हीसुद्धा मोकळीकच आहे."

"हो, हेच!" बायको म्हणाली. आपलं म्हणणं एवढं मोठं आहे हे तिलाही नवीन असावं.

भिंगरीने चमचा कपात बराच वेळ फिरवला. "पटलं," ती म्हणाली. "नाही जात."

आयुष्यात मी एकच वाद जिंकला, तो हा. आणि तिने जावं, असं मला वाटत होतं. पण माझं मत कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची माझी छाती नव्हती.

त्यानंतर भिंगरी शहाण्यासारखी वागू लागली. कामावरून वेळेवर यायची, भांडी पुसायची आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायची. ती बसते, हे बघूनच आम्हा दोघांना चैन पडेना.

"माझी बाजू इतकी चांगली कशाला मांडलीत?" स्वयंपाकघरात बायकोने मला धारेवर धरलं.

"तूच म्हणालीस ना, हो, हेच."

"म्हणाले. मला भांडायचं होतं हो, जिंकायचं कुठे होतं?"

गुरुवारी संध्याकाळी बायको प्रार्थनेहून आली ती चपला न काढताच टेबलाशी बसली. "नियम अर्धा राहिलाय," ती म्हणाली. "हिची बाजू कोणी मांडलीच नाही."

"आजी, पटलं म्हटलं ना मी."

"नियम म्हणजे नियम. बस इथे." तिने पदर सारखा केला. "हिचं म्हणणं असं. चांगल्या सवयी लावल्यात म्हणता, तर त्या मला लावल्यात की या घराच्या भिंतींना? मला लावल्या असतील तर माझ्याबरोबर येतील. आणि आजी रोज प्रार्थनेला जाते. ज्याला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही त्याच्यावर सगळं सोपवून येते. मला मात्र रोज पाहते, आणि माझ्यावरच भरवसा नाही."

बोलून झाल्यावर तिने भिंगरीकडे पाहिलं. "चुकलं का कुठे?"

"मी एवढं म्हणणार नव्हते," भिंगरी हळूच म्हणाली. "पण हो. हेच."

"हे बघ, माझी भीती काही गेलेली नाही. पण सोपवायचं तर सोपवायचं. एक टोक आपल्या मुठीत धरून कसलं सोपवणं?" मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही हो? जगाची बाजू मांडता. तुमची स्वतःची कुठली?"

"म्हणजे... तिने जावं, असं मला तरी... बहुधा..."

"आजोबा," भिंगरी म्हणाली, "प्रश्नचिन्ह खोडा."

"जा," मी म्हणालो.

एवढासा शब्द, पण माझे कान गरम झाले. का जावं, हे कोणी विचारलं नाही म्हणून बरं. भिंगरी तोवर जहाजाच्या कंपनीला फोन लावायला बाहेरच्या खोलीत पळालीही होती. ती दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फिरत बोलत होती. बायकोने आत्ता कुठे चपला काढल्या.

"लोकरीचे मोजे किती जोड विणू?" भिंगरी आत येताच तिने विचारलं.

"मोजे कसले आजी, इंजिनाच्या खोलीत भट्टी असते नुसती!"

"आधी माझं म्हणणं मांड. मग बोल."

भिंगरीने हात जोडले. "आजीचं म्हणणं असं, की जहाजाला वरचा मजलाही असतो, तिथे गार वारा सुटतो, आणि मोजे नेले नाहीत तर ती रोज प्रार्थनेत माझं नाव घेऊन तक्रार करील."

"हो, हेच," बायको म्हणाली आणि लोकर शोधायला उठली.

मोजे न्यावेत, असं माझंही मत होतं. विचारलं असतं, तर या खेपेला लगेच सांगितलं असतं.