माझ्या पोटातली चकती

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. तुमच्या तळहातात मावेन, एवढाच. छताच्या दिव्याबरोबर एकाच खोक्यातून मी या घरात आलो. पाठीला झाकण, झाकणाला इवलासा स्क्रू आणि पोटात नाण्याएवढी गोल, चकचकीत बॅटरी. तेव्हाचा माझा रुबाब काय सांगू! पाहुणे आले की बाबा मला ऐटीत उचलायचे आणि दिवा पिवळा, पांढरा, मंद करून दाखवायचे.

मग दिवा बदलला. नव्या दिव्याचा लांबसडक रिमोट भिंतीवर जाऊन बसला आणि मी खेळण्यांच्या टोपलीत. माझा नुसता जळफळाट झाला. पण टोपलीत मला दोन वर्षांची छकुली भेटली. मला कानाला लावून ती तासन्‌तास "हॅलो" करायची. माझा स्क्रू केव्हाच हरवला होता. बाबांनी झाकणाला चिकटपट्टी लावली होती.

"आधी ती बॅटरी काढ ना," आई म्हणाली होती.

"अगं, संपलीये ती. काय करणारे?"

पुढे मावशीने रंगीत पियानो आणला आणि छकुली मला पार विसरली. त्या पियानोचा मला इतका हेवा वाटायचा, की एका दुपारी तिने मला पुन्हा हातात घेऊन चिकटपट्टी नखाने सोलायला घेतली, तेव्हा मी चक्क खूश झालो. झाकण सोफ्याखाली गेलं. चकती तिच्या तोंडात.

जेवताना तिने घास थुंकला. लाळ थांबेना.

"दात येत असतील," बाबा म्हणाले.

"सगळे येऊन झालेत. गाडी काढ!"

छकुलीने मला मुठीतून सोडलं ते थेट एक्स-रेच्या खोलीत. आईने मला पर्समध्ये कोंबलं. पडद्यावर छकुलीच्या अन्ननलिकेत एक पांढरा गोल उमटला.

"नाणंच आहे," बाबांनी सुस्कारा सोडला. "सकाळी टेबलावर सुट्टे होते. पडेल आपोआप."

नाणं नाही! मला सगळं ठाऊक होतं आणि एक शब्द बोलता येत नव्हता. ते भलंमोठं यंत्र मात्र न विचारता सांगून मोकळं झालं. त्याचाही मला हेवा वाटला.

"थांबा," एक्स-रे काढणाऱ्या ताई म्हणाल्या. "कडेच्या आत आणखी एक गोल दिसतोय. नाणं असं दिसत नाही." त्यांनी बाजूनेही एक्स-रे काढला. चकतीच्या कडेला बारीकशी पायरी होती. "बॅटरी आहे. घरात छोटा रिमोट आहे का?"

आईने मला बाहेर काढून उलटं केलं. माझं पोट रिकामं.

"पण ती संपलेली होती हो," बाबा पुटपुटले.

"दिव्यासाठी संपलेली. आतून भाजायला तेवढी पुरते," असं म्हणत ताईंनी डॉक्टरांना फोन लावलासुद्धा.

तासाभरात दुर्बिणीने चकती निघाली, काळवंडलेली. छकुली आठवडाभर दवाखान्यात राहिली.

आता मी कपाटावरच्या डब्यात असतो. पोटात काही नाही, झाकणाला नवा स्क्रू. खाली पियानो वाजतो, छकुली खिदळते. मला हेवा वाटतोच, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, चिकटपट्टीवर दिवस काढणारा माझा एखादा भाऊबंद तुमच्या घरात असेल, तर तो आजच मोठ्यांना दाखवा. आणि धाकटं भावंड काही गिळताना दिसलं, तर ओरडा बसेल म्हणून गप्प राहू नका. तुम्हाला सांगता येतं. पियानोपेक्षाही मला हेवा वाटतो तो त्याचाच.