दादाचं अठ्ठ्याण्णव

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला दुसऱ्याचं मशीन कधी पसंत पडत नाही. धाकटा तर थोरल्या भावाच्या मशीनवर डूख धरूनच होता. दादा घड्याळजी. विंडोज अठ्ठ्याण्णववर मुक्काम ठोकून बसलेला, आणि त्यातही त्याहून जुन्या डॉसच्या टायपिंगच्या प्रोग्रॅमात काम करणारा. दर रविवारी दोघांची जुंपायची.

"नवं विंडोज एक्सपी घालू दे मला. अठ्ठ्याण्णव दिवसातून दोनदा मान टाकतं," धाकटा म्हणायचा.

"टाकू दे. माझं डॉस टाकत नाही. एका वेळी एकच काम करतं, पण सांगितलेलं करतं. तुझ्यासारखं नाही."

"त्याला माऊससुद्धा नीट कळत नाही."

"आणि तुझ्या एक्सपीला माझा प्रिंटर कळत नाही. शिवाय मेमरी खायला बसलं की उठायचं नाव नाही."

खरं दोघांचंही होतं. एक्सपी दणकट, एक प्रोग्रॅम अडकला तरी बाकीचे चालत राहायचे. अठ्ठ्याण्णवात एक अडकला की सगळंच ठप्प. पण जुन्यातला जुना प्रोग्रॅम ते सांभाळून घ्यायचं. दादाला तेवढंच हवं होतं, कारण त्या जुन्या प्रोग्रॅमात त्याचं पुस्तक होतं. ज्यांचे सुटे भाग आता मिळत नाहीत ती घड्याळं कशी चालती करायची, याचं पुस्तक. अकरा वर्षं चाललेलं, आणि पुरं झाल्याशिवाय एक पानही छापायचं नाही असा दादाचा हट्ट. संध्याकाळी वहिनी दादाने दुकानात लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचून दाखवायची, दादा दोन बोटांनी टाइप करायचा, आणि टाइप झालेली चिठ्ठी वहिनी फाडून टाकायची.

दादा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस दवाखान्यात गेला. वहिनी सोबतीला, किल्ली धाकट्याकडे. झालं, माकडाच्या हाती कोलीत मिळालं. दादाला चकित करू म्हणून त्याने 'माय डॉक्युमेंट्स' आणि डेस्कटॉप सीडीवर उतरवून घेतले, डिस्क फॉरमॅट करून कोरी केली आणि एक्सपी घातलं. गिऱ्हाइकांच्या फायली तिथेच असतात, शंभर मशीनवर त्याने असंच केलं होतं. पण दादा डॉसचा माणूस. त्याचं पुस्तक सी ड्राइव्हवर, टायपिंगच्या प्रोग्रॅमच्याच फोल्डरात होतं. ते फोल्डर धाकट्यानेच कधीतरी करून दिलं होतं. शहाणपणाच्या भरात तेवढं विसरला, बाकी सगळं आठवलं.

दादा एका डोळ्यावर पट्टी बांधून घरी आला आणि थेट मशीनसमोर बसला. "अरे वा, लवकर चालू झालं," म्हणाला. मग पुस्तक कुठे ते शोधू लागला. धाकट्याने खरं काय ते सांगितलं. दादा नुसता पडद्याकडे बघत राहिला.

चहा घेऊन वहिनी बाहेर आली. "काय झालं हो?"

धाकट्याने तोंड उघडायच्या आधीच दादा बोलला. "पुस्तक गेलं. पट्टी असताना चाळे करायला गेलो, नको ते बटण दाबलं."

धाकटा गप्प बसला. उद्या सांगू, म्हणाला मनाशी. फायली परत मिळवायला आठ दिवस खपला, हाती आल्या चार अर्धवट ओळी. मग तर सांगायला तोंडच राहिलं नाही.

वहिनी मात्र बोलायची. "माझ्या अकरा वर्षांच्या संध्याकाळी तुमच्या एका बोटाने घालवल्या." दादा मान खाली घालून म्हणायचा, "हो, चुकलं माझं."

"दादा, मी सांगून टाकतो," धाकटा एकदा म्हणाला.

"गप रे. तुझं दुकान आहे. भावाचंच पुस्तक बुडवलं म्हटल्यावर कोण पाऊल ठेवेल तिथे? मला तिच्या बोलण्याची सवय आहे."

धाकट्याला हे ऐकून बरं वाटलं होतं. त्याची लाज त्याला अजून वाटते.

सात वर्षांनी दादा अचानक गेला. महिनाभराने धाकटा वहिनीसमोर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. तिने शिव्या घालाव्यात, दार दाखवावं, या तयारीनेच आला होता.

वहिनी म्हणाली, "म्हणजे मी सात वर्षं त्यांना उगाच बोलत राहिले?"

"चूक माझी होती, वहिनी. मला बोला."

"तुम्हाला बोलून काय होणार भाऊजी? ते गेले त्या दिवशी सकाळीसुद्धा मी त्यांना तेच बोलले होते."