शेवटचं पान
तारखांचे शिक्के... जांभळे, एकावर एक चढलेले, काही पार पुसट — एकोणीस वर्षांत किती मुलांनी हे पुस्तक घरी नेलं असेल! फ्रान्समधल्या लोरियाँ बंदरातल्या एका शाळेच्या वाचनालयात, मुलांना भेटायला आलेली लेखिका गिसलेन तारोदो आपल्याच पहिल्या कादंबरीवरून बोट फिरवत होती आणि मध्येच थोरला भाऊ लोइक परवा जेवताना बोलला ते मनात घुसलं — "सव्वीस पुस्तकं झाली पोराटोरांची. आता एखादी खरी कादंबरी लिही की गं!" खरी, म्हणजे मोठ्यांची. ती हसली होती, चीजचा तुकडा मोडत. वीस वर्षं अशीच हसत आली होती.

पुस्तकाला शेवटचं पान नव्हतं.

"फाडलंय कुणीतरी," ग्रंथपालबाई ओशाळल्या.

मागच्या बाकावरून बारा वर्षांची एक मुलगी उठली. मायवेन. "मी फाडलं, मादाम."

सगळा वर्ग मागे वळून बघू लागला.

"तुमच्या गोष्टीतले बाबा समुद्रावरून परत येतच नाहीत. मी हे धाकट्या भावाला वाचून दाखवते. आमचे बाबा पण बोटीवर असतात. मग काय करणार?"

"मग काय सांगितलंस त्याला?"

"आले म्हणून. उशीर झाला, पण आले. तो म्हणाला, ही लेखिका जाम भारी आहे!"

वर्ग खदखदून हसला. गिसलेन हसली नाही. ते पान... अकरा वेळा लिहिलं होतं तिने. वडिलांची बोट समुद्रात बुडाली तेव्हा ती अकराच वर्षांची होती. आई कितीतरी दिवस त्यांचं ताट मांडत राहिली आणि कुणीही गिसलेनला सरळ काही सांगितलं नाही. म्हणून तर लिहिलं — मुलांशी खोटं बोलायचं नाही, या हट्टाने. त्याच पानाचा तिला सगळ्यात जास्त अभिमान होता. आता राग यायला हवा होता, पण छातीत चढत होतं ते निराळंच काही. मोठी माणसं पुस्तक मिटतात, छान आहे म्हणतात, कॉफी मागवतात. माझं वाक्य कुणाला इतकं खरं वाटलं, की ते फाडावं लागलं... लोइक, ऐकतोयस ना?

"रागावलात, मादाम?"

"नाही." हट्ट बरोबर होता का, हे चाळीस वर्षांत प्रथमच तिला ठाऊक नव्हतं, आणि त्याची भीतीही वाटत नव्हती. ती मायवेनच्या बाकाशी गेली, लहान मुलीने विचारावं तसं तिने विचारलं,

"सांग ना... दारात आल्यावर बाबा काय म्हणाले?"