सावरीची होडी

नागसेन मालवणहून कुरुंदवाडला आला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद दादासोलाच झाला होता. नागसेन त्याच्या बायकोचा, बायडाबाईचा, धाकटा भाऊ. मालवणात फायबरच्या होड्या आल्या, लाकडी होड्या बांधणाऱ्यांच्या हातचं काम गेलं आणि तो बहिणीकडे राहायला आला. दादासो स्वतः घाटाजवळच्या पत्र्याच्या शेडात होड्या बांधायचा. दोघं मिळून काम वाढवू, असं त्यानं आल्या दिवशीच सांगितलं.

दादासोच्या होड्या सागवानाच्या आणि आंब्याच्या लाकडाच्या असत. पुरात झाडाच्या खोडावर आदळल्या तरी फुटत नसत, पण उचलायला सहा गडी लागत. नागसेननं एक होडी टोकाला धरून जरा उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

“दाजी, होडी केलीसा का वाड्याचं दार?” तो म्हणाला.

चहा घेऊन आलेली दीक्षा हसली. दादासोची ही एकुलती एक लेक, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. दादासोही हसला, पण तिचं ते हसणं त्याला दिवसभर टोचत राहिलं.

नागसेन तिला लाकूड ओळखायला शिकवू लागला. डोळे मिटून दोन तुकडे हातात घ्यायचे, कुठल्यात अजून ओल आहे ते सांगायचं. बोटांच्या पेरांनी ठोकून आवाज ऐकायचा. महिनाभरात ती त्याच्यापेक्षा अचूक सांगायला लागली. जेवताना मामा-भाचीचं तेच चालायचं. शिवणीचं लाकूड हलकं, पाण्यात टिकतं आणि उन्हात वाकतही नाही, असं काय काय. दादासो मान खाली घालून भाकरी मोडायचा. वीस वर्षं ती शेडाच्या दाराशी येत होती. भुसा डोळ्यांत जाईल, पटाशी लागेल म्हणून त्यानंच तिला दारातून परत पाठवलं होतं. तिच्या हातात लाकूड द्यावं हे त्याला कधी सुचलं नव्हतं, आणि सुचलं ते दुसऱ्या माणसाला.

श्रावणात संग्राम शेडात आला. वरच्या आळीच्या शर्यतीच्या होडीचा तो नायक, आणि इतकी वर्षं दादासोचीच होडी वल्हवत आलेला. पूर ओसरल्यावर शर्यती होत्या. त्यानं दादासोची विचारपूस केली, मग ओशाळून नागसेनकडे वळला आणि या खेपेला हलकी होडी तूच बांध म्हणाला. नागसेननं आधी दादासोकडे बघितलं.

“बांध की,” दादासो म्हणाला. “मला काय इचारतोस?”

त्याच संध्याकाळी तो खालच्या आळीच्या पोरांकडे गेला आणि तुमची होडी मी बांधतो म्हणून सांगून आला.

नागसेन आणि दीक्षा एस.टी.नं गारगोटीला गेली आणि तिथल्या वखारीतून शिवणीच्या फळ्या घेऊन आली. दादासो एकटाच शिरोळला गेला. तिथं उसाच्या बांधावरची काटेसावर पाडून वाळत टाकली होती. सावरीसारखं हलकं लाकूड दुसरं नव्हतं, आणि ते पाण्यात कुजतं हेही सगळ्या सुतारांना माहीत होतं. त्याची खोकी होतात, होड्या नाहीत, हे दादासोनंच कितीजणांना सांगितलं होतं. तरी त्यानं ते कापून आणलं, पातळ फळ्या काढल्या, आतून-बाहेरून डांबर फासलं आणि वर निळा रंग दिला. लाकूड कसलं, असं पोरांनी विचारलं तेव्हा हलकं आहे एवढंच बघा, असं सांगून त्यानं विषय तोडला. नागसेननं फळ्या पाहिल्या होत्या. त्यानं एकीवरून बोट फिरवलं आणि आपल्या कामाला लागला. दादासोला तेही सोसेना.

शर्यतीत निळी होडी अर्ध्या होडीच्या अंतरानं जिंकली. पोरांनी दादासोला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. वरून त्याची नजर लेकीला शोधत होती. दीक्षा काठाला गुडघाभर पाण्यात मामाबरोबर उभी होती. दोघं हरलेल्या होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, हात ठेवून काहीतरी बोलत होती. पुढं कुठली फळी आणखी तासता येईल, असलंच काही असणार. तिनं एकदा वर बघितलं, बापाकडे हात हलवला आणि पुन्हा होडीकडे वळली. खांद्यावर बसलेल्या दादासोला आपण हरलोय असं वाटलं.

दिवाळीनंतर खालच्या आळीची तीन पोरं त्या होडीतून पलीकडच्या मळ्यात वैरण आणायला निघाली. भर पात्रात तळाची फळी निखळली. पोरं पोहणारी होती म्हणून निभावलं, पण त्यातला एक गारठून पुरता काळानिळा पडला होता. नागसेन आणि दीक्षानं दोर लावून होडी काठाला ओढली. दादासो धावत पोचला तेव्हा दीक्षा खाली बसून फळीत अंगठा दाबत होती. अंगठा ओल्या भाकरीत जावा तसा आत जात होता.

“आबा, तुमाला ठावं हुतं की,” ती म्हणाली.

“व्हय.”

“मग का केलंसा?”

नागसेन जवळच उभा होता. त्याच्यादेखत दादासोला बोलणं जड गेलं.

“तू त्याच्यासंगं गारगोटीला गेलीस,” तो म्हणाला. “मला एकदा तरी चला म्हणालीस?”

“तुमी मला कवा आत येऊ दिलंसा?”

दादासो तिथूनच निघाला. पोरांच्या घरी जाऊन त्यानं स्वतः सगळं सांगितलं, शिव्या ऐकून घेतल्या आणि नवी होडी बांधून द्यायचं कबूल केलं. मग एका सकाळी बायडाबाईनं तिघांचा डबा बांधला आणि दीक्षानं बापाला चपला घालायला सांगितलं.

एस.टी.त मामा-भाची पुढच्या बाकावर होती आणि दादासो मागच्या. ती हसली की तो खिडकीबाहेर बघायला लागायचा. ते टोचणं काही गेलं नव्हतं.

गारगोटीच्या वखारीत शिवणीचे ओंडके रचून ठेवले होते. नागसेननं नव्या होडीसाठी त्यातला एक सरळसोट ओंडका निवडला. दादासोनं दोन-तीन ठोकून पाहिले आणि जाडजूड बुंध्यावर हात ठेवला. दीक्षा दोघांचं ऐकत ढिगाभोवती फिरली, वाकली, कान लावला, आणि तळातला एक बुटका, गाठाळ दिसणारा ओंडका काढायला सांगितला.

“तो नगं,” नागसेन म्हणाला. “दिसतोय बघ की कसा.”

“ह्योच पायजे. गाठी वरवरच्या हायेत, आतनं वाळलाय. मामा, तुमचा अजून ओला हाय. आबा, तुमचा जड हाय.”

नागसेनचा चेहरा उतरला. दादासोनं ते पाहिलं आणि त्याला मनापासून बरं वाटलं. मग त्यानं त्या ओंडक्याचं एक टोक धरलं आणि दुसऱ्या टोकाला हात लाव म्हणून मेव्हण्याला हाक मारली.