कडुबा पेंटरचा हात

कडुबा पेंटरचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा पहिले काही महिने त्यांनी तो खिशातच घालून ठेवला. औरंगपुऱ्याच्या गल्लीत कुणी नमस्कार केला तर डाव्या हातानं करायचे. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्या गाळ्यात पाट्या रंगवायची कामं तशीही कमीच येत होती, त्यामुळं कुणाच्या लवकर ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते बायकोच्या, सरूबाईच्या. वरणभाताचा घास तोंडाशी जाईस्तोवर निम्मा ताटात सांडायचा.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी थोडा आवरेल म्हणाले, जाईल असं म्हणाले नाहीत.

तनुजा ही त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांना आबा म्हणणारी. चित्रकलेचं शिक्षण घेऊन ती चिकलठाण्याच्या एका कंपनीत लागली होती. संग्रहालयांसाठी हात लावला की बोलणाऱ्या भिंती, पाय पडला की उजळणाऱ्या फरश्या, असलं काम. सेन्सर, कॅमेरे, प्रोजेक्टर यांच्यात तिचा दिवस जायचा. त्या वर्षी शहरात डिझाइनचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि कंपनीचं नव्हे, स्वतःचं असं काहीतरी तिथं मांडायचं तिच्या मनात होतं. पण चार महिने वह्या भरूनही धड काही सुचत नव्हतं.

सुचलं ते दवाखान्यात, नंबर यायची वाट बघताना. समोर पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात'. आबा त्या पाटीकडं बघत बोटानं गुडघ्यावर अक्षरं गिरवत होते. बोट थरथरत होतं, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

"हा ढ बघ," ते म्हणाले. "पोट आत गेलंय. उपाशी ठेवलाय बिचाऱ्याला."

तनुजा हसली, आणि मग त्या बोटाकडं बघतच राहिली. घरी येईस्तोवर तिच्या डोक्यात सगळं तयार झालं होतं.

दीड महिना खपून तिनं आबांच्या गाळ्यात एक टेबल उभं केलं. वर काच, काचेवर रोखलेला कॅमेरा, समोर पांढरी केलेली भिंत. आबांच्याच जुन्या ब्रशला तिनं टोकाशी बारका दिवा बसवला. काचेवर ब्रश फिरवला की समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरमधून अक्षर उमटायचं, ओल्या ऑइलपेंटसारखं चकाकत.

पहिल्या दिवशी आबांनी 'क' काढला. भिंतीवर तो वाऱ्यानं हलणाऱ्या पाण्यात दिसावा तसा उमटला, प्रत्येक रेघेला दाते पडलेला. आबांनी थोडा वेळ बघितलं आणि ब्रश खाली ठेवला.

"मशिन लई चांगलं केलंस, माय," ते म्हणाले. "हात चांगला पाहिजे." आणि कोपऱ्यावर चहा प्यायला गेले.

ते परत येईस्तोवर तनुजानं प्रोग्राममध्ये दहाबारा ओळी वाढवल्या. हाताची थरथर ओळखायची, तेवढी गाळायची आणि बाकीची रेघ भिंतीवर टाकायची. अवघड काहीच नव्हतं.

"आबा, कॅमेरा नीट बसला नव्हता. आता काढून बघा."

आबांनी पुन्हा 'क' काढला. गोल गरगरीत पोटाचा, सरळ दांड्याचा, वीस वर्षांपूर्वी गुलमंडीवरच्या दुकानांवर ते काढायचे तसा. त्यांनी 'ख' काढला, 'ग' काढला. पाटी रंगवताना माणसाची नजर ब्रशच्या टोकावर असते, पण इथं रंग समोरच्या भिंतीवर पडत होता, म्हणून नजरही तिथंच. काचेवर हात पहिल्यासारखाच थरथरत होता. तो फक्त तनुजाला दिसत होता.

"तनू, हात थांबला की गं!"

खरं सांगायची तीच वेळ होती. पण आबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तनुजा म्हणून गेली, "गोळ्या लागू पडल्या असतील."

त्या दिवसापासून आबा बदलले. रोज दाढी करून गाळ्यात यायला लागले. दोन-दोन तास टेबलाशी बसायचे. जुन्या दुकानांची नावं आठवून आठवून काढायचे, आणि एखाद्या अक्षराची वेलांटी मनासारखी वळली की येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. जेवणही सुधारलं. घास अजून सांडायचा, पण टेबलावर हात चालतोय म्हणजे तेवढंही हळूहळू जाईल, असं ते म्हणायचे. "तुह्या मशिननं माणूस जाग्यावर आणला बघ," सरूबाई म्हणाली, आणि तनुजानं मान खाली घालून पोळी मोडली.

तनुजा व्हिडिओ काढत होती. ते पाठवल्यावर प्रदर्शनात तिची निवड झाली. प्रदर्शन झालं की सगळं सांगू, असं तिनं ठरवलं. मधल्या काळात आजार वाढत होता. दर आठवड्याला प्रोग्राममधल्या त्या गाळणीचा आकडा तिला थोडा वर न्यावा लागायचा. आबा दुसऱ्या दिवशी यायच्या आत ती ते करून ठेवायची.

एका शनिवारी ती कामावरून आली तर आबा गाळ्यात ब्रश धूत बसले होते. खरे, केसांचे ब्रश.

"दौलताबादच्या राजेंद्रचा फोन आलता," ते म्हणाले. "किल्ल्याखाली त्याची रसवंती नाय का? त्याच्या बापाची पाटी मीच रंगवलेली. आता नवी भिंत बांधलीय. म्हणतो, फ्लेक्स नको, कडुबाकाकाच्या हातचंच पाहिजे. मी व्हय म्हणलं."

तनुजानं खांद्यावरची बॅगही उतरवली नाही.

"आबा, आत्ताच कशाला? उन्हाचं..."

"दोन वर्षांनी कुणी बोलावलंय मला."

रात्रभर तिनं मनात शब्द जुळवले. सकाळी आबा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. तिनं स्कूटर काढली.

रसवंतीपुढं राजेंद्रनं खुर्ची टाकली होती, भिंत पुसून ठेवली होती. चारदोन गिऱ्हाइकं रसाचे ग्लास घेऊन बघायला थांबली. आबांनी दोरीला खडू लावून भिंतीवर दोन आडव्या रेघा मारल्या. तनुजानं दोरीचं दुसरं टोक धरलं होतं. मग त्यांनी लाल रंगात ब्रश बुडवला, डब्याच्या काठावर निथळला आणि 'रा'ची पहिली रेघ ओढली.

रेघ वाकडी गेली. आबांनी चिंधीनं पुसली. "वारं हाय," ते म्हणाले. दुसऱ्यांदा ब्रश टेकवला तो भिंतीवर टकटक आपटायलाच लागला. लाल ठिपके त्यांच्या सदऱ्यावर उडाले. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. दोन्ही हात मिळून थरथरायला लागले.

रस पिणारा एक जण हळूच म्हणाला, "राहू द्या काका, होतंय." राजेंद्र भिंतीकडं न बघता ग्लास विसळायला लागला.

आबा वळले. "तनू, टेबलावर तर येत होतं," ते म्हणाले. आणि तिच्या तोंडाकडं बघून ते थांबले. तिला काही सांगावं लागलं नाही.

तनुजानं त्यांना स्कूटरवरून घरी आणलं. ओट्यावर बसल्यावर आबांनी विचारलं, "पहिल्या दिवसापासून?"

"पहिला 'क' तेवढा तुमचा होता."

"म्हंजी बाकीचं तूच काढीत होतीस."

"नाही आबा, वळण तुमचंच होतं. मी फक्त थरथर काढून टाकत होते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"बरं वाटलं की," आबा म्हणाले. "लई बरं वाटलं. गल्लीभर सांगत फिरलो मी, हात बरा झाला म्हणून."

ते रागावले असते तर तिला सोसलं असतं. ते आत गेले आणि सदऱ्यावरचे लाल ठिपके रॉकेलनं पुसत बसले. ठिपके निघाले नाहीत.

पुढच्या आठवड्यात तनुजानं गाळणी काढून टाकली. प्रोग्राममध्ये साठवलेल्या सगळ्या अक्षरांमधून तिनं आबांच्या खऱ्या, थरथरत्या रेघा बाहेर काढल्या आणि मोठ्या कागदावर छापून त्यांच्यापुढं ठेवल्या. तिला त्या खरंच सुंदर वाटत होत्या.

"हे मांडते मी प्रदर्शनात. हे खरं आहे, आबा."

आबांनी कागद लांब धरून बघितला. तो हातात फडफडत होता, म्हणून त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"हे माझं हाय," ते म्हणाले. "पण कुणाला दाखवू नको, माय. पेंटर होतो मी."

तिनं त्याच दुपारी प्रदर्शनातून नाव काढून घेतलं. गाळ्यातलं टेबल उचलून कंपनीत नेलं, तिथं त्याचे भाग दुसऱ्या कामाला लागले. आबांनी गाळ्याकडं जाणं सोडलं. तिच्याशी ते पहिल्यासारखंच बोलायचे, जेवलीस का, पेट्रोल भरलंस का विचारायचे. फक्त रस्त्यावरच्या पाट्यांबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत.

दिवाळीनंतर वैजापूरला तहसील कचेरीत जायचं होतं, भावाभावांच्या वाटणीच्या कागदावर सही करायला. कारकुनानं कागद पुढं सरकवला.

"सही करा, बाबा."

आबांनी पेन घेतलं. पेन कागदावर टेकलं, दोनदा नाचलं. त्यांनी ते खाली ठेवलं.

"अंगठा चालंल का?"

"लिहायला येत नाही का?"

तनुजा काही बोलणार, त्याआधी आबा म्हणाले, "नाय."

कारकुनानं शाईची डबी पुढं केली. अंगठा डबीवर ठरेना, तेव्हा तनुजानं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. इतके महिने ती थरथर तिनं आकड्यांत मोजली होती, हातात पहिल्यांदाच धरत होती. तिनं अंगठा शाईत टेकवला, मग कागदावर दाबला. ठसा एका बाजूनं फिसकटला.

"दुसरा घ्यावा लागेल का?" तिनं विचारलं.

"चालतंय," कारकून म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.