खडूच्या दोन रेघा

बीव्हरचा जबडा. तीन बरण्यांत नदीची वाळू. बॅनक रोटीचा चुरा. तळहाताएवढी चिठ्ठी, तिच्यावर शब्द नाही, शब्दाचा तुकडा. छतातून टपटप.

मित्रांनो, मी एक जुने मेपलचे टेबल आहे. कॅनडात, मॅनिटोबाच्या उत्तर भागातल्या एका लहानशा कॉलेजात मी उभे असते. माझ्यावर तिघे जण काम करत आणि तिघांच्या कामाचे नाव एकच होते: रूपशास्त्र.

मॉरीन हाडे मांडायची. कोणता सांधा कशात बसतो, त्यावरून ती प्राण्याचे रूप ओळखायची. लार्स नदीचे रूप शोधायचा: पाणी कुठे वळते, कुठला काठ खाते, वाळू कुठे टाकते. डेल्फीन शब्दांचे. फिलोमेन आजी जवळच्या मूळनिवासी वस्तीतल्या. त्यांच्या बोलीत एकाच लांब शब्दात कोण गेले, कसे गेले, बर्फावरून की पाण्यावरून, सगळे मावायचे. डेल्फीन तो शब्द सोडवायची, तुकडे चिठ्ठ्यांवर लिहायची आणि आजींना विचारून ओळीने मांडायची.

"आजी, तुमचा एक शब्द म्हणजे आमची अख्खी नदी झाली की!" लार्स म्हणायचा.

"तुझी नदी चुकली तर शेतात शिरेल, बाबा. माझा एक तुकडा इकडचा तिकडे केलास, तर दुसऱ्याच्या बायकोबरोबर शिकारीला जाशील!"

तिघांनी माझ्यावर खडूने दोन रेघा ओढल्या होत्या. नियम एकच: दुसऱ्याच्या मांडणीला हात लावायचा नाही. चिठ्ठ्यांवर क्रमांक नव्हते. आजी रोज काहीतरी बदलायला लावायच्या, म्हणून डेल्फीन म्हणायची, "शेवटी टाकू." माझी पाठ चिठ्ठ्यांनी भरून जायची. ते माझे सुखाचे दिवस.

जानेवारीत छतातला हीटरचा पाइप फुटला. खोलीत मॉरीन एकटी होती. तिने घाबरून सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून खोक्यात भरल्या. दुपारी मला पुसले आणि त्या परत मांडल्या. तिच्या हातांना ठाऊक होते तशा. सारखे तुकडे सारख्या तुकड्यांजवळ.

डेल्फीन आली आणि दारातच थांबली.

"मॉरीन, हे काय केलंस गं?"

"भिजतील म्हणून उचलल्या. नीट लावल्यात बघ, एकसारख्या एकत्र."

"हाडं आहेत का ती? सहा वर्षं, मॉरीन! कुठला तुकडा कुणाच्या शेजारी, तेच तर काम होतं!"



आजी तेव्हा इस्पितळात होत्या, घशात नळी घातलेली. त्यांच्या वस्तीतली ती बोली बोलणारे दुसरे कोणी उरले नव्हते. डेल्फीन खोके घेऊन गेली. आजी बोटाने दाखवायच्या: हा इथे, हा नाही, हा पुढे. चार दिवसांत अकरा शब्द जुळले. पाचव्या दिवशी डेल्फीन खोके घेऊन लवकर परतली. कोट न काढता तिने माझ्यावर डोके टेकले.

आता ती रोज एकटीच बसते. जुळवते, मोडते, पुन्हा जुळवते. एकदा तिने माझ्यावर मूठ आपटली. "तुझ्यावरच होत्या ना? सांग ना मग!"

मित्रांनो, मला माहीत आहे. प्रत्येक चिठ्ठी कुठे होती, ती जागा मला अजून जाणवते. पण चिठ्ठ्यांची पाठ माझ्याकडे होती. अक्षरे वर तोंड करून होती. मला जागा ठाऊक आहेत. कुठल्या जागेवर काय लिहिले होते, ते मी एकदाही पाहिले नाही. मी ओरडले असते, तरी काय ओरडले असते?

तुम्हाला एवढेच सांगते. दुसऱ्याने मांडलेले हलवण्याआधी त्याला विचारा. आणि ज्याला विचारायचे आहे ते माणूस हयात आहे, तोवर जा. उद्या नको. आजच जा, कृपा करा.

पाइप फुटला त्या दिवशी पाणी लार्सच्या वाळूच्या बरण्यांपाशी थांबले होते. चिठ्ठ्यांपर्यंत एकही थेंब पोचला नव्हता.