भिंतीपलीकडचा मोसम

माझ्यावर बसण्याआधी जरा हलवून बघा, मित्रांनो. मी आता जुनी झाले आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्या, त्यांवर विणलेल्या नायलॉनच्या पट्ट्या आणि मिटली की काखेत मावेल असा बांधा, अशी मी घडीची खुर्ची. माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एकाच कारखान्यात जन्मल्या आणि ट्रकमध्ये एकमेकींना टेकून गावोगाव गेल्या. मी उतरले ती या तलावाकाठच्या गावात. इथे वारा तलावावरून येतो, पोलादाच्या भट्ट्या कधीच्या थंड झाल्या आहेत, आणि माणसांची मनं सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत फुटबॉलच्या तालावर वर-खाली होतात. लांबुळका चेंडू छातीशी कवटाळून धावायचं, समोरच्यांनी लोळवलं की पुन्हा उठायचं, असा तो खेळ. आमच्या संघाचं नाव बोटमेन. रंग निळा आणि नारिंगी.

मला घरी आणलं रॉस्को पेटिग्रू आणि त्यांची बायको आर्लीन यांनी. रॉस्को आजोबा तेव्हा आजोबा नव्हते. भट्टीवर काम करणारा, दारातून आत येताना मान झुकवावी लागणारा दांडगा गडी होता तो. ते बसले की माझा सांधा न् सांधा करकरायचा. आर्लीन म्हणायची, "खुर्ची कण्हतेय बघा तुमच्याखाली." ते म्हणायचे, "कण्हत नाही, गातेय."

गाण्याची आवड त्यांना चर्चमुळे. उन्हाळ्यात त्यांचं चर्च गवतावर मंडप टाकून प्रार्थना भरवी आणि ज्याने त्याने आपापली खुर्ची न्यायची, म्हणून मलाही ते भाग्य लाभलं. त्या चर्चमध्ये प्रवचन नुसतं सांगत नाहीत, गातात. पाद्रीबाबा साध्या बोलण्यात सुरुवात करतात, मग वाक्याच्या शेवटी आवाज जरा चढतो, मग सूर लागतो. समोरची माणसं "हो, देवा, हो" म्हणत मागून धरतात, आणि बघता बघता सांगणारा कोण न् ऐकणारा कोण ते उरत नाही. मित्रांनो, मी निर्जीव वस्तू आहे. पण त्या सुरात माझ्या पोकळ नळ्यासुद्धा भरून येत.

मोसम सुरू झाला की प्रार्थनेनंतर आमची स्वारी थेट मैदानाकडे. सामन्याच्या कितीतरी आधी मैदानाबाहेरच्या गाड्यांच्या तळावर शेगड्या पेटत, बरगड्यांचं मांस खरपूस भाजलं जाई, आणि मला गाडीच्या मागे मानाची जागा मिळे. माझ्या पट्ट्या विरल्या तेव्हा आर्लीनने मला निळ्या-नारिंगी पट्ट्यांनी नव्याने विणलं. अनोळखी माणसं थांबून विचारत, ही कुठे मिळाली? आर्लीन मान ताठ करून सांगे, मिळत नाही, विणावी लागते. ती माझी भरभराटीची वर्षं. संघ मात्र हरायचा. हरायचा, आणि पुढल्या रविवारी माणसं तितक्याच आशेने शेगड्या पेटवायची.

मग आर्लीन गेली. आजोबांचे गुडघे गेले. मैदान सुटलं. ते मुलीकडे, नदीनकडे, राहायला आले आणि मी गॅरेजमधल्या एका खिळ्याला टांगली गेले. कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटले. कितीतरी मोसम मी फक्त भिंतीतून ऐकले.

गेल्या वर्षी ते घर फार शांत झालं होतं. जावयाचा, ड्वाइटचा, टायरचा कारखाना बंद पडला होता. तो दिवसदिवस कुणाशी बोलत नसे. आजोबा गॅरेजमध्ये येऊन उगाच हत्यारं पुसत बसायचे, आणि भिंतीपलीकडून फक्त भांड्यांचे आवाज यायचे. त्यात बोटमेन पहिले तीन सामने हरले.

चौथा सामना टीव्हीवर बघायला शेजारची माणसं येऊन बसली होती, खुर्ची कमी पडली, म्हणून आजोबा मला न्यायला गॅरेजमध्ये आले. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, फुंकर मारली, आणि तेवढ्यात आत एकच कल्ला झाला. बोटमेननी चेंडू पार शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टचडाउन केला होता. आजोबा मला घेऊन आत गेले, आणि लगेच समोरच्या संघाने गुण घेतले. ड्वाइट कितीतरी दिवसांनी हसला. म्हणाला, "बाबा, परत जा बरं जरा." आजोबा गमतीनं मला घेऊन परत गॅरेजमध्ये आले. पुन्हा टचडाउन. तो सामना आपण जिंकलो, आणि त्या रात्री जेवताना ड्वाइट बडबडत होता.

झालं. इथल्या माणसांना एवढं पुरतं. संघ जिंकत असताना कुणी सदरा धूत नाही, कुणी मोजे बदलत नाही. आमच्या घरात ठरलं की सामना सुरू असेतो आजोबांनी गॅरेजमध्ये बसायचं. नातीने, इमानीने, उंबऱ्यावर खडूने रेघ ओढली आणि बजावलं की आजोबांचा अंगठाही रेघेच्या आत येता कामा नये. आजोबा मुद्दाम अंगठा पुढे करायचे, ती किंचाळायची. भिंतीजवळ मला मांडलं, हीटर लावला, छोटा रेडिओ आणून दिला. नदीन मक्याचा पाव, पालेभाजी आणि चिकन ताटात वाढून आणून द्यायची. बोटमेन जिंकत राहिले.

मित्रांनो, त्या रेडिओची एक गंमत सांगते. रेडिओ टीव्हीच्या थोडा पुढे असतो. मैदानात घडलेलं आधी रेडिओवर येतं, आणि दोन-चार श्वासांनी टीव्हीवर. म्हणून टचडाउन झाला की आजोबांना आधी कळे. ते ओरडत नसत. मान भिंतीकडे वळवून, डोळे मिटून, ओठांवर हसू धरून थांबत. मग भिंतीपलीकडे घर उसळे. ड्वाइटची आरोळी, इमानीच्या उड्या, नदीनचं हसणं. आजोबा त्या कल्ल्यासाठी रेडिओ ऐकत, असं मला फार लवकर कळलं.

आणि आणखी एक गोष्ट मला कळली. ती मला कळायला नको होती.

आजोबा हलके होत होते. खुर्चीला दुसरं काय कळतं, मित्रांनो? वजन कळतं. झाडांची पानं पिवळी झाली तेव्हा माझ्या पट्ट्या पूर्वीइतक्या खोल जात नव्हत्या. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की भाजली गेली तोवर माझी करकर बंद पडली होती. थंडीचे दिवस, जाड कोट, लोकरीची टोपी, गळ्याला मफलर, म्हणून कुणाला काही दिसत नव्हतं. ड्वाइटनं एकदा विचारलं, "खुर्चीला तेल घातलंत का बाबा? आवाज येत नाही आता." आजोबा हसले. म्हणाले, "हो, घातलं."

मला तेव्हा वाचा असती तर!

मधेच एका रविवारी आजोबा नव्हते. दूरच्या गावी एका जुन्या सोबत्याचं मयत आहे, असं ते घरात सांगून गेले होते. खरं तर ते इस्पितळात होते. हे मला ठाऊक, कारण परत आल्यावर मनगटाला बांधलेली तिथली नावाची कागदी पट्टी त्यांनी माझ्यावर बसूनच कात्रीने कापली. त्या रविवारी बोटमेन हरले. ड्वाइट ताट घेऊन आला आणि डोळे वटारून म्हणाला, "बाबा, आता पुन्हा कुणाच्या मयताला जायचं नाही. मोसम संपेपर्यंत कुणी मरायचंच नाही."

आजोबा म्हणाले, "बरं."

ड्वाइट हसत आत गेला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हो. तो फार दिवसांनी हसू लागला होता, एवढंच. दार लागल्यावर आजोबांनी रेडिओ बारीक केला आणि पाद्रीबाबा गातात तसं, वाक्याचा शेवट हळूच उचलून, गुणगुणले. शब्द त्यांचेच होते. "देवा, पोरांचा मोसम होऊ दे. घरात हसू आलंय, ते राहू दे. मग ने. घाई करू नकोस, देवा." मागून "हो, देवा, हो" म्हणायला कुणी नव्हतं. मी होते, पण माझा आवाज तर केव्हाच गेला होता.

जानेवारी आला. बोटमेन अशा सामन्याला पोचले, जो जिंकला तर अंतिम फेरी. नदीनच्या जन्मापासून असं कधी झालं नव्हतं. रस्त्यारस्त्यावर निळी-नारिंगी निशाणं लागली. बर्फ पडत होता. गॅरेजच्या दाराखालून वारा येत होता, आणि आजोबा दोन घोंगड्या गुंडाळून माझ्यावर बसले होते. मध्यंतरापर्यंत आपण पुढे होतो.

मध्यंतरात नदीन गरम सूप घेऊन आली. आजोबांनी वाटी घ्यायला घोंगडीतून हात काढलेच नाहीत. तिला वाटलं हीटर लांब पडतोय, खुर्ची जरा सरकवू. तिनं त्यांच्या काखेत हात घातला आणि लहानपणापासून ठाऊक असलेल्या त्या दांडग्या बापाला उठवायचं म्हणून सगळा जोर लावला. आजोबा रिकाम्या कोटासारखे वर आले.

नदीन तशीच थांबली. तिनं कोटावरून हात फिरवला. खांदा, पाठ, दंड.

"बाबा, कधीपासून?"

आजोबांनी रेडिओकडे पाहिलं. "पानं गळायला लागली तेव्हापासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तुम्ही हसत होतात गं."

ती रडली नाही. तिनं त्यांच्या घोंगड्या नीट केल्या आणि म्हणाली, "आत चला."

"नदीन, पुढे आहोत आपण. मी आत आलो तर पोरं हरतील."

"हरू देत."

या गावात, त्या दिवशी, असं म्हणणारी ती एकटीच असेल. ती त्यांना धरून खडूच्या रेघेवरून आत घेऊन गेली. ड्वाइट विचारायला उठला, आणि बायकोचं तोंड पाहून काहीच न विचारता गॅरेजमध्ये आला. त्यानं मला उचललं, बैठकीत टीव्हीच्या अगदी समोर मांडलं आणि सासऱ्यांना अलगद माझ्यावर टेकवलं. तेव्हा त्याच्याही हाताला ते कळलं असावं, कारण पुढचा बराच वेळ तो सामन्याकडे पाठ करून उभा होता.

तुम्हाला वाटेल, आता देव संघाला जिंकवून देईल. मलाही वाटलं होतं. समोरच्या संघाने हळूहळू गाठलं, मागे टाकलं, आणि अगदी शेवटी आपल्या एका किकवर सगळं आलं. चेंडू दोन खांबांमधून जायला हवा होता, तो बाहेरून गेला, आणि आपण हरलो.

इमानीनं आजोबांकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. आजोबांनी दाराकडे पाहिलं, चूक केलेल्या मुलानं पाहावं तसं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत जड क्षण तो होता, आणि माझ्यावर तेव्हा काही भारच नव्हता.

ड्वाइट खाली बसला. त्यानं आजोबांच्या पायांतले बर्फाचे बूट सोडायला घेतले. नाड्या ओढता ओढता म्हणाला, "बाबा, चुकलो मी."

"अरे," आजोबा म्हणाले, "किक काय तू मारलीस?"

नदीनला हसू फुटलं आणि हसता हसताच ती रडू लागली. मग सगळेच.

तलावावरचा बर्फ फुटू लागला तेव्हा आजोबा गेले. मधल्या रविवारी ते बैठकीतच बसत, सगळ्यांच्या मध्ये. मोसम संपला होता, टीव्हीवर बघण्यासारखं काही नव्हतं. नदीन त्यांना जुन्या सामन्यांबद्दल विचारायची आणि ते सांगता सांगता झोपून जायचे. मला राहून राहून वाटे, पानं पिवळी होती तेव्हा हे घडायला हवं होतं. जिंकलेले सगळे रविवार भिंतीच्या दोन बाजूंना वाटले गेले. ते आता कुणालाच परत मिळणार नाहीत.

मित्रांनो, मी एक वस्तू आहे. मला पुसून ठेवा, पावसात टाकू नका, असं मी म्हणायला हवं, आणि म्हणतेही. पण माझी खरी विनवणी निराळी आहे. तुमच्या घरातलं कुणी तुमच्या हसण्यासाठी निमूट बाजूला बसलं असेल, तर फक्त ताट नेऊन देऊ नका. त्याचा हात हातात घ्या. जरा उठवून बघा. वजन हाताला कळतं, डोळ्यांना कळत नाही.

यंदाचा मोसम सुरू आहे आणि बोटमेन वाईट खेळताहेत. ड्वाइटला बस दुरुस्तीच्या आगारात काम मिळालं आहे. मी बैठकीतच असते. परवाच्या सामन्यात संघ फार मागे पडला, तेव्हा इमानी हळूच उठली. म्हणाली, "आई, मी जाऊन बसू का गॅरेजमध्ये?"

नदीननं तिचा हात धरला. ती स्वतः माझ्यावर बसली आणि एवढ्या मोठ्या मुलीला तिनं ओढून मांडीवर घेतलं. "कुणी कुठे जायचं नाही," ती म्हणाली. "बस इथेच."

बोटमेन त्या दिवशीही हरले. आम्ही तिघी शेवटपर्यंत जागच्या हललो नाही.